पेल्याखालचे रक्त आणि पाठीतले दुखणे

‘स्वतःची तुंबडी भरणे’ हा वाक्प्रचार आपण वर्गात शिकवतो. तुंबडी म्हणजे वाळवून पोकळ केलेला लहानसा भोपळा, एवढा अर्थही सांगतो. पण मराठीत ‘तुंबडी लावणे’ असाही एक प्रयोग आहे, आणि तो आता बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. दुखऱ्या जागी तुंबडी किंवा शिंग उपडे लावायचे, आतली हवा विरळ करायची आणि त्या ओढीने रक्त वर आणायचे, असा तो उपचार. सुश्रुतसंहितेत रक्त काढण्याच्या साधनांमध्ये शिंग, जळू आणि अलाबू म्हणजे भोपळा यांचा उल्लेख आहे. अलाबूच्या आत दिवा ठेवून ओढ निर्माण करण्याची कृतीही तेथे सांगितली आहे. युनानी वैद्यकातील हिजामा आणि चीनमधील पेले लावण्याची पद्धत ही याच उपचाराची भावंडे म्हणता येतील.

ही तुंबडी आता ‘कपिंग’ या नावाने परत आली आहे. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्स या जलतरणपटूच्या अंगावर गोल, जांभळट डाग दिसले आणि जगभर या उपचाराची चर्चा झाली. भोपळ्याच्या जागी काचेचा किंवा प्लॅस्टिकचा पेला आला, दिव्याच्या जागी छोटा हातपंप आला. त्याबरोबर समर्थनाची भाषाही बदलली. पूर्वी ‘दूषित रक्त निघून जाते’ असे म्हणत. आता ‘त्या जागचा रक्तप्रवाह वाढतो, म्हणून पाठदुखी थांबते’ असे म्हणतात आणि सोबत शोधनिबंधांचा हवाला देतात.

या लेखात आम्ही तपासणार आहोत तो हा दुसरा दावा. पहिला दावा चुकीचा आहे, त्यामुळे तो खोडून काढणे सोपे जाते. दुसऱ्या दाव्याचे पूर्वार्ध खरे आहे, आणि नेमकी तीच अडचण आहे. खऱ्या मोजमापाचा आधार घेऊन न सिद्ध झालेला निष्कर्ष कसा पुढे सरकवला जातो, याचा हा चांगला नमुना आहे.

पेल्याखाली काय घडते?

स्टीलचा पेला तोंडाला लावून आतली हवा ओढण्याचा खेळ बहुतेक मुले कधी ना कधी खेळतात. पेला चिकटून बसतो, आणि काढल्यावर हनुवटीवर लाल कडे उमटते. कपिंगमध्ये हेच अधिक जोराने घडते.

समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे ७६० मिमी पारा असतो. केशवाहिन्यांमधील रक्ताचा दाब त्याहून थोडाच, साधारण १२ ते ३५ मिमी पाऱ्याने, अधिक असतो. पेल्यातील हवा काढून तेथील दाब समजा ३०० मिमीने कमी केला, तर तेवढ्या वर्तुळापुरता बाहेरचा आधार घटतो. शरीराच्या उरलेल्या भागावर मात्र पूर्वीइतकाच दाब असतो. त्यामुळे त्वचा पेल्यात फुगून येते, तिच्यातील बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्यांत रक्त भरते. पेला रक्त ‘खेचतो’ असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो. वास्तविक अधिक दाबाकडून कमी दाबाकडे ते ढकलले जाते. नळीने सरबत पितानाही हेच घडते.

ताण फार वाढला की काही केशवाहिन्या फुटतात आणि रक्त आजूबाजूच्या पेशींमध्ये उतरते. तोच तो गोल डाग. गुडघा आपटल्यावर पडणारा काळानिळा डाग आणि हा डाग यांत तत्त्वतः फरक नाही. दोन्ही जांभळे असतात, पुढे हिरवट आणि मग पिवळट होत जातात, कारण सांडलेल्या हिमोग्लोबिनचे विघटन होताना क्रमाने हिरवे आणि पिवळे रंगद्रव्य तयार होते. डाग जितका गडद तितके ‘विष’ जास्त, हे सांगणे म्हणून निराधार आहे. डागाची गडदता फार तर किती केशवाहिन्या फुटल्या ते सांगते.

येथे एक भेद विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यायला हवा. रक्त साचणे आणि रक्त वाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तळ्यात पुष्कळ पाणी असते, पण ते वाहत नसते. ओढ्यात पाणी थोडे असले तरी ते वाहते. त्वचा लाल दिसली म्हणजे तेथे रक्त जास्त आहे एवढेच कळते. दर मिनिटाला किती रक्त येऊन पुढे गेले, हे नुसत्या रंगावरून कळत नाही. त्यासाठी मोजमाप करावे लागते.

मोजमाप काय सांगते?

असे मोजमाप झाले आहे. त्यासाठी बहुधा लेझर डॉप्लर हे उपकरण वापरतात. त्वचेवर लेझरचा क्षीण किरण टाकतात. हलत्या तांबड्या पेशींवरून परतणाऱ्या प्रकाशाची वारंवारता किंचित बदलते, आणि त्या बदलावरून रक्तप्रवाहाचा अंदाज घेतात. जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा स्वर बदलतो, तेच हे तत्त्व.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ निरोगी व्यक्तींना वेगवेगळ्या दाबाने आणि वेगवेगळ्या वेळेसाठी पेले लावून त्वचेतील रक्तप्रवाह मोजला गेला. दाब २२५ आणि ३०० मिमी, वेळ ५ आणि १० मिनिटे. प्रवाह खरोखर वाढला. पाच मिनिटांच्या उपचारात ३०० मिमीच्या ओढीने झालेली वाढ २२५ मिमीपेक्षा जास्त होती. अवरक्त किरणांनी केलेल्या इतर मोजणींतही पेल्याच्या परिसरात ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन वाढल्याचे दिसले आहे. तेव्हा ‘कपिंगने त्या जागचा रक्तप्रवाह काही काळ वाढतो’ हे विधान मान्य करायला आमची हरकत नाही.

हरकत आहे ती या विधानातून काढल्या जाणाऱ्या अर्थाला. त्याबाबत तीन प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न, कोठला रक्तप्रवाह? लेझर डॉप्लरचा किरण साधारण एक मिलिमीटर खोलीपर्यंतचे सांगतो. पाठीची त्वचाच जाड, तिच्याखाली चरबीचा थर, त्याखाली स्नायूंवरचे आवरण आणि मग कण्याला उभे धरणारे स्नायू. सांधे आणि मणक्यांमधील चकत्या तर आणखी खोल. वरच्या मिलिमीटरची नोंद घेऊन खालच्या काही सेंटिमीटरविषयी बोलणे म्हणजे विहिरीच्या काठावर उभे राहून तळाच्या झऱ्याचे वर्णन करणे होय.

दुसरा प्रश्न, वाढ किती? असे निष्कर्ष ‘मूळच्या इतके पट’ या स्वरूपात मांडले जातात, आणि दोन-चार पट हे शब्द ऐकणाऱ्याला मोठे वाटतात. पण त्वचेचा रक्तप्रवाह ही मुळातच फार बदलणारी गोष्ट आहे. शरीराचे तापमान सांभाळण्याचे काम त्वचेकडे असल्यामुळे विश्रांतीच्या वेळी संपूर्ण त्वचेतून मिनिटाला पाव ते अर्धा लिटर रक्त फिरते, तर तीव्र उष्णतेत हाच आकडा ६ ते ८ लिटरपर्यंत जाऊ शकतो. कढत पाण्याची पिशवी, चोळून लावलेला मलम, कडक ऊन, यांपैकी कशानेही त्वचेचा प्रवाह कित्येक पटींनी वाढतो. म्हणून काही पटींची वाढ हा कपिंगचा खास गुण ठरत नाही.

तिसरा प्रश्न, कोणाचा आणि किती वेळ? वरील अभ्यासातील व्यक्ती निरोगी होत्या आणि मोजमाप उपचारानंतर लगेच झाले. पाठदुखी महिनोन्‌महिने टिकते. काही मिनिटांच्या वाढीतून महिन्यांच्या दुखण्यावर परिणाम होतो असे म्हणायचे, तर मधल्या काळात काय घडते हे दाखवावे लागेल.

अभ्यासकांनी जे मोजले ते प्रामाणिकपणे मोजले. पेला लावण्याचा दाब आणि वेळ ठरवण्यासाठी ते उपयोगीही आहे. ‘पाठदुखी बरी होते’ हे वाक्य त्या आकड्यांत नाही. ते जाहिरात लिहिणाऱ्याने जोडलेले असते.

दुखणे रक्ताच्या कमतरतेमुळे असते का?

समजा, खोलवरच्या स्नायूंचाही रक्तप्रवाह वाढला. तरी आणखी एक दुवा उरतो. पाठ दुखते ती रक्त कमी पडते म्हणून, हे आधी ठरले पाहिजे.

कंबरदुखी हे जगातील अपंगत्वाचे सर्वांत मोठे कारण मानले जाते. २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना ती होती असा अंदाज आहे. तिच्या साधारण ९० टक्के रुग्णांमध्ये एखादी निश्चित शारीरिक इजा बोट ठेवून दाखवता येत नाही. स्नायू, सांधे, मज्जासंस्थेची संवेदनशीलता, झोप, काळजी, कामाचे स्वरूप अशा अनेक गोष्टी तिच्यात गुंतलेल्या असतात. या सर्व गुंत्याला ‘रक्तप्रवाह मंदावला’ हे एकच उत्तर देणे म्हणजे निदान न करताच औषध ठरवणे झाले.

आणि रक्तप्रवाह वाढवणे हाच उद्देश असेल, तर स्नायू वापरणे हा त्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. विश्रांतीच्या वेळी १०० ग्रॅम स्नायूला मिनिटाला ३-४ मिलिलिटर रक्त पुरते. व्यायाम करताना काम करणाऱ्या स्नायूत हेच प्रमाण कितीतरी पटींनी वाढते, आणि तेही थेट स्नायूत, त्वचेत नव्हे. अर्धा तास चालणे या कसोटीवर पेल्याच्या पुढे जाईल. कपिंगचे समर्थक आपल्या तर्काशी एकनिष्ठ राहिले, तर त्यांनी रुग्णाला पालथे झोपवण्याऐवजी चालायला पाठवले पाहिजे.

छातीतल्या धमनीची गोष्ट

‘रक्तप्रवाह वाढतो, म्हणून दुखणे जाते’ हा तर्क वैद्यकात यापूर्वीही मोठ्या प्रतिष्ठेने वावरून गेला आहे. १९५०च्या दशकात हृदयविकाराच्या छातीदुखीवर एक शस्त्रक्रिया प्रचारात आली. छातीच्या आतल्या बाजूने उतरणाऱ्या एका धमनीला गाठ मारायची. खाली जाणारी वाट बंद झाली की तिच्यातील रक्त बाजूच्या फाट्यांतून हृदयाच्या स्नायूकडे वळेल, अशी कल्पना. कल्पना सयुक्तिक होती आणि रुग्णांना आरामही पडत होता. दुखणे कमी झाले, गोळ्या कमी झाल्या असे अनेकांनी सांगितले.

१९५९ साली अमेरिकेतील लिओनार्ड कॉब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही शस्त्रक्रिया कसोटीला लावली. १७ रुग्ण होते. सर्वांच्या छातीवर छेद घेतला. ८ जणांची धमनी बांधली, ९ जणांची न बांधताच जखम शिवली. कोणाचे काय केले हे रुग्णांना माहीत नव्हते, आणि नंतर त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हते. दोन्ही गटांत सारखाच आराम पडला. धमनी बांधली की नाही याने काही फरक पडला नाही. ती शस्त्रक्रिया लवकरच बंद झाली.

नकली शस्त्रक्रियेची कल्पना रुग्णांना दिलेली नव्हती, त्यामुळे हा प्रयोग आजच्या नीतिनियमांत बसणार नाही. पण त्याने दिलेली शिकवण कायमची आहे. तर्क पटण्याजोगा असतो, रुग्ण खरे बोलत असतात, आणि तरीही उपचाराचा त्या आरामाशी संबंध नसतो, असे घडू शकते.

भोक पाडलेला पेला

कपिंगची अशी परीक्षा घेणे अवघड वाटते, कारण पाठीवर पेला लावला की नाही हे रुग्णाला कळणारच. संशोधकांनी यावर साधी युक्ती काढली. पेल्याला बारीक भोक पाडायचे. पेला लावताना ओढ जाणवते, पण आत हवा शिरल्यामुळे ती काही क्षणांतच नाहीशी होते. स्पर्श तोच, विधी तोच, वेळ तोच. फक्त ज्या गोष्टीला श्रेय दिले जाते ती ओढ नाही.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधील चाचणीत दीर्घकालीन कंबरदुखीच्या ९० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली. एका गटाला खरे पेले, दुसऱ्याला भोकाचे. आठवड्यातून एकदा १० मिनिटे, असे आठ आठवडे. विश्रांतीत, भरभर चालताना आणि पुढे वाकताना किती दुखते याची नोंद घेतली. खरे पेले भोकाच्या पेल्यांपेक्षा सरस ठरले नाहीत.

कंबरदुखीच्या बाहेरही हेच चित्र दिसते. २०१६ साली जर्मनीत अंगभर स्नायू दुखण्याच्या विकाराच्या १४१ रुग्णांवर चाचणी झाली. तीत तीन गट होते : नेहमीचे उपचार, भोकाचे पेले, खरे पेले. खऱ्या पेल्यांचा गट नेहमीच्या उपचारांपेक्षा पुढे होता, पण भोकाच्या पेल्यांपेक्षा पुढे नव्हता. २०२० सालच्या एका आढाव्यात दीर्घकालीन वेदनांवरील १८ चाचण्या आणि १,१७२ रुग्ण एकत्र घेतले. काहीच उपचार न घेणाऱ्यांच्या तुलनेत कपिंगचा तात्पुरता परिणाम मोठा दिसला. नकली कपिंगच्या तुलनेत भरवशाचा फरक दिसला नाही.

कपिंगच्या बाजूने दाखवल्या जाणाऱ्या चाचण्या आता या प्रकाशात वाचून पाहाव्यात. २००९ साली इराणमध्ये ९८ रुग्णांवर, २०१५ साली सौदी अरेबियात ८० रुग्णांवर, त्वचेला छेद देऊन केलेल्या कपिंगची चाचणी झाली. दोन्हींत कंबरदुखी कमी झाली. पण भोकाच्या पेल्यासारखा नकली उपचार घेणारा गट त्यांत नव्हता. म्हणजे आराम पडला हे कळले, कशाने पडला हे कळले नाही.

न्यायाने बोलायचे, तर ‘कपिंगचा यत्किंचितही उपयोग नाही’ असेही या चाचण्यांनी सिद्ध झालेले नाही. त्या लहान आहेत, आणि एखादा किरकोळ फायदा त्यांच्या नजरेतून सुटू शकतो. पण ज्याच्या जोरावर पाठदुखी जाईल असे सांगितले जाते, तो रक्तप्रवाह खऱ्या पेल्यात वाढत असताना आराम मात्र भोकाच्या पेल्याइतकाच पडत असेल, तर आरामाचे कारण रक्तप्रवाह आहे हे म्हणणे टिकत नाही.

मग बरे का वाटते?

‘आम्हाला तर फरक पडला’ असे सांगणारा सहकारी शिक्षक खोटे बोलत नसतो. पाठदुखी चढ-उताराने चालते. माणूस उपचाराला जातो तो दुखणे सर्वाधिक असताना, म्हणून पुढचे दिवस बहुधा बरेच असतात. नव्याने सुरू झालेली पाठदुखी बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्याशिवाय कोणीतरी शांतपणे विचारपूस केली, पाठीला हात लावला, अर्धा तास पडून राहायला मिळाले, याचाही वेदनेवर परिणाम होतो. वेदना मेंदूत जाणवते, आणि अपेक्षा व आश्वासन तिला कमी-जास्त करू शकतात. हा आराम खरा असतो. त्याचे श्रेय पेल्यातील ओढीला देणे तेवढे चूक.

कोणी म्हणेल, आराम पडतो ना, मग कारणाशी काय करायचे? कारणाशी संबंध अशासाठी, की या उपचाराची किंमत मोजावी लागते. वारंवार जाण्यात पैसे जातात. छेद देऊन रक्त काढताना साधने निर्जंतुक नसतील तर संसर्ग होतो. पंडुरोग असलेल्या किंवा रक्त पातळ होण्याची औषधे घेणाऱ्या व्यक्तीला त्यापासून धोका असतो. आगीने ओढ निर्माण करण्याच्या पद्धतीत भाजण्याची भीती असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेळ जातो. पाठदुखीबरोबर ताप, वजन घटणे, पायांतील शक्ती कमी होणे, मांड्यांच्या आतील भाग बधिर होणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणे यांपैकी काही असेल, तर ताबडतोब डॉक्टरांकडे गेले पाहिजे. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग हेही पाठदुखीचे एक कारण आहे. त्याचा तपास पेल्याने लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत रुग्णाला आजार समजावून सांगणे आणि व्यायाम यांना स्थान आहे. कमरेचे पट्टे, ताण देण्याचे उपचार आणि अल्ट्रासाउंडचा शेक यांची नेहमीच्या वापरासाठी शिफारस केलेली नाही. यांपैकी काही उपचार तर आधुनिक दवाखान्यांत वर्षानुवर्षे चालत आले आहेत. कसोटी जुन्या-नव्याची, देशी-विदेशीची नाही, हे यावरून ध्यानात यावे.

वर्गासाठी

हा विषय नववी-दहावीच्या वर्गात घेता येईल. पेले लावण्याचा प्रयोग मात्र वर्गात करू नये. एक हात दोन मिनिटे सोसवेल इतक्या कोमट पाण्यात आणि दुसरा साध्या पाण्यात ठेवून दोन्हींचा रंग ताडून पाहणे पुरेसे आहे. मग विद्यार्थ्यांना विचारावे, कोमट पाण्याने हात लाल झाला, यावरून कोमट पाण्याने संधिवात बरा होतो असे म्हणता येईल का? नसेल, तर मधले कोणते दुवे सिद्ध करावे लागतील?

त्यानंतर आरोग्यविषयक कोणतीही एक जाहिरात आणायला सांगावी आणि चार प्रश्न फळ्यावर लिहावेत. नेमके काय मोजले? कोणावर मोजले? मोजलेल्या गोष्टीचा दुखण्याशी संबंध कशाने सिद्ध झाला? आणि तुलनेला ‘भोक पाडलेला पेला’ होता का? चौथा प्रश्न मुलांना सर्वांत अवघड जाईल. चुंबकाचा पट्टा, तांब्याचे कडे, उंची वाढवणारी भुकटी यांपैकी प्रत्येकासाठी नकली जोडीदार कसा तयार करता येईल, हे त्यांनाच सुचवू द्यावे. त्या तासाला पाठ्यपुस्तक उघडले नाही तरी चालेल.